तारेचे तापमान: जोरकस विजेरीसाठी बल्ब निवडताना

विजेरीचा उजेड वाढवायचा म्हटले की बहुतेकांची नजर आधी वॅटवर जाते, मग ल्युमेनवर, आणि सर्वांत शेवटी सेलवर. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी हा क्रम पुरता उलटा करून दाखवला. त्यांनी बाजारातल्या साध्या विजेऱ्या उघडल्या आणि त्यांत प्रोजेक्टरचे, सूक्ष्मदर्शकाचे, वैद्यकीय उपकरणांचे हॅलोजन बल्ब बसवले. त्यांची आवडती विजेरी होती मॅगलाइट. कॅलिफोर्नियातल्या मॅग इन्स्ट्रुमेंट या कंपनीने १९७९ साली बाजारात आणलेली ही अॅल्युमिनियमची जाड नळी. दोन मोठ्या सेलवर ती वीस-चाळीस ल्युमेनच्या घरातला पिवळसर उजेड देई. त्याच नळीतून पुढे हजार, दोन हजार आणि त्याहूनही जास्त ल्युमेनचे झोत निघाले. त्या प्रयोगांतून उडालेल्या बल्बांचा, वितळलेल्या परावर्तकांचा आणि नोंदवलेल्या आकड्यांचा मोठा साठा जमला. तो नीट पाहिला तर एक गोष्ट ठामपणे म्हणता येते: अशा विजेरीसाठी बल्ब निवडणे म्हणजे तारेचे तापमान निवडणे. वॅट, व्होल्ट, सेलचा प्रकार, परावर्तकाची खोली या बाकीच्या सगळ्या निवडी त्या एका निवडीच्या मागून येतात. ज्यांनी हे ध्यानात घेतले त्यांचे बल्ब टिकले आणि झोतही लांब गेले. ज्यांनी नुसता मोठा आकडा पाहून बल्ब आणला त्यांच्या हाती काळवंडलेली काच आली.

याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. ३००० केल्व्हिनला तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या ऊर्जेचे शिखर सुमारे ०.९७ मायक्रोमीटरला, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात असते. तापमान वाढत जाते तसे ते शिखर दृश्य प्रकाशाकडे सरकते आणि खर्चलेल्या प्रत्येक वॅटमागे हाती लागणारा उजेड वाढतो. घरात लागणारा जुना १०० वॅटचा बल्ब दर वॅटला तेरा ते सतरा ल्युमेन देत असे आणि हजार तास चाले. छायाचित्रकारांचा ३४०० केल्व्हिनचा फोटोफ्लड बल्ब साधारण त्याच्या दुप्पट देई, पण काही तासांत संपे. टंगस्टन ३६९५ केल्व्हिनला वितळते, आणि तार अगदी त्या टोकापर्यंत नेली तरी दर वॅटला त्रेपन्न ल्युमेनच्या आसपासच मर्यादा येते. तापत्या बल्बाचा सगळा इतिहास या दोन टोकांमधला आहे. डेव्हिड मिसेलला विजेरीचे पेटंट मिळाले १८९९ साली, तेव्हा बल्बात कार्बनची तार होती. विल्यम कूलिजने १९१० च्या सुमारास टंगस्टनची ओढता येणारी तार बनवली. अर्व्हिंग लँगम्यूरने १९१३ मध्ये बल्बात निष्क्रिय वायू भरून तिचे बाष्पीभवन रोखले. जनरल इलेक्ट्रिकमधून १९५९ साली हॅलोजन बल्ब आला. त्यात उडालेले टंगस्टन आयोडीनशी संयोग पावते आणि तारेवर परत येते. क्रिप्टॉन आणि झेनॉनसारखे जड वायू भरण्यामागेही हाच हेतू होता. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच होता: तार आणखी तापवायची, तरी ती टिकवायची कशी?

या प्रश्नाला आकडे आहेत, आणि ते निवडीच्या मुळाशी आहेत. बल्बाच्या छापील व्होल्टेजच्या आसपास काही ठोकताळे चांगले लागू पडतात. उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने वाढतो, प्रवाह अर्ध्याहून किंचित जास्त घाताने, आणि तापमान ०.४ च्या आसपासच्या घाताने. आयुष्य मात्र बाराव्या घाताने, कधी त्याहूनही वेगाने घटते. ६ व्होल्ट, २० वॅट, १०० तास असा शिक्का असलेला बल्ब ७.२ व्होल्टवर लावला, तर व्होल्टेज फक्त एक पंचमांशाने वाढले. पण उजेड जवळजवळ १.९ पट झाला आणि आयुष्य नवव्या हिश्शावर, म्हणजे अकरा तासांच्या आसपास आले. खेड्यात संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज उतरायचे आणि घरातला बल्ब तांबूस व्हायचा. रात्री भार कमी झाला की व्होल्टेज चढायचे आणि तोच बल्ब एकाएकी उडायचा. तो अनुभव आणि हे गणित एकच. कारखानेही हा हिशोब उघडपणे करत आले आहेत. दोन सेलच्या विजेरीत सर्रास लागणाऱ्या पीआर-२ बल्बावर ३ व्होल्ट लिहिलेले नसते, २.३८ व्होल्ट असते, कारण भार पडल्यावर सेलचे व्होल्टेज खाली येणार हे बनवणाऱ्याने धरलेले असते. त्याचे छापील आयुष्य तर अवघे पंधरा तास. शुअरफायर या अमेरिकी कंपनीने आपल्या ६पी विजेरीसाठी एकाच मापाचे दोन दिवे विकले: एक ६५ ल्युमेनचा, तासभर चालणारा, दुसरा १२० ल्युमेनचा, वीस मिनिटांत सेल संपवणारा. उजेड हवा की वेळ, ही निवड ग्राहकावर सोपवणे हे बंडखोर हौशींनी नव्हे, धंद्यानेच सुरू केले होते.

यातून छापील व्होल्टेजचा खरा अर्थ कळतो. ती मर्यादा नाही, तो एक करार आहे: इतके व्होल्ट द्या, म्हणजे इतके तास मिळतील. त्यामुळे दोन बल्बांची तुलना करताना वॅटच्या आधी तास वाचावेत. ओस्राम कंपनीचे दोन हॅलोजन बल्ब या बाबतीत फार बोलके आहेत, ६४६२३ आणि ६४६२५. दोन्ही १२ व्होल्टचे, दोन्ही १०० वॅटचे, दोन्हींच्या पिना एकाच मापाच्या. पहिल्याचे आयुष्य सुमारे २००० तास आणि उजेड २८०० ल्युमेनच्या आसपास. दुसऱ्याचे आयुष्य सुमारे ५० तास आणि उजेड ३६०० ल्युमेनच्या आसपास. नुसता उजेडाचा आकडा पाहणारा दुसरा उचलतो. पण पन्नास तासांच्या बल्बाची तार शिक्क्यावरच्या व्होल्टेजलाच आपल्या टोकाजवळ पोचलेली आहे, तर दोन हजार तासांच्या बल्बाच्या तारेला अजून वर जायला बरीच जागा आहे. तापमानाच्या घातावरून हिशोब केला तर ३३०० केल्व्हिनला चालणारी तार छापील व्होल्टेजच्या सुमारे १.३३ पटीला वितळणबिंदू गाठते आणि ३००० केल्व्हिनला चालणारी सुमारे १.६८ पटीला. प्रत्यक्षात तारेवर कुठेतरी एखादी जागा इतरांपेक्षा बारीक आणि अधिक तापलेली असते, त्यामुळे बल्ब त्याच्या बराच अलीकडे उडतो. तरी दोघांतला फरक तसाच राहतो. म्हणून तीन लिथियम-आयन सेलच्या, म्हणजे ११ ते १२ व्होल्टच्या बॅटरीवर ६४६२५ शोभतो, आणि चार सेलच्या बॅटरीवर ६४६२३. १५ व्होल्टवर ६४६२३ कागदोपत्री सहा हजार ल्युमेनपर्यंत जातो, १४० वॅट खातो, आणि तरी त्याचे शंभराहून अधिक तास उरतात. त्याच १५ व्होल्टवर ६४६२५ लावणे म्हणजे तो हाताने उडवणे. घातांचे गणित छापील आकड्यापासून जितके लांब जाल तितके लटके पडते आणि आयुष्य गणितापेक्षा लवकर संपते, हे खरे. पण त्याने फक्त सावधगिरी वाढते, निवड उलटत नाही.

आता ही सगळी गणिते कोणत्या व्होल्टेजची? बॅटरीच्या टोकांवरचे नव्हे, बल्बाच्या पिनांवरचे, आणि तेही बल्ब पेटलेला असताना. इथेच बहुतेक निवडी चुकतात. नळीतली स्प्रिंग, स्विच, होल्डर, झाकणाच्या आट्यांवरचा थर, या सगळ्यांचा मिळून एक दशांश ओहम रोध असला आणि ४ अँपियर वाहत असले, तर ०.४ व्होल्ट वाटेतच जातात. ७.२ व्होल्टच्या बल्बाला हे साडेपाच टक्के. उजेड अठरा टक्क्यांनी घटतो. म्हणून हौशी लोक स्प्रिंगवर तांब्याची जाड वेणी डाखवतात, आटे घासून लखलखीत करतात. पण त्याच साडेपाच टक्क्यांमुळे बल्बाचे आयुष्य दुप्पट होत असते. स्प्रिंग सुधारली की उजेड वाढतो आणि बल्ब अर्ध्या वेळात संपतो. सुधारणा आणि बल्ब यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही तो यामुळे. आणखी एक गोष्ट वरवर पाहता उलटी वाटेल. पूर्ण भरलेल्या दोन लिथियम-आयन सेलचे ८.४ व्होल्ट आहेत आणि सेल व वाट मिळून पाव ओहम रोध आहे, असे धरून चालू. ६ व्होल्ट, २० वॅटचा बल्ब लावला तर त्याच्या पिनांवर साधारण ७.४५ व्होल्ट येतात, म्हणजे छापील आकड्याच्या १.२४ पट. त्याच बॅटरीवर ६ व्होल्ट, ३० वॅटचा बल्ब लावला तर तो जास्त प्रवाह ओढतो, बॅटरीचे व्होल्टेज आणखी खाली बसवतो, आणि त्याच्या पिनांवर ७ व्होल्टच उरतात, १.१७ पट. मोठा बल्ब टिकतो आणि लहान उडण्याच्या काठावर जातो. वॅट पाहून सुरक्षितता ठरवणाऱ्याला हे कधीच उमगणार नाही. तारेचे तापमान पाहणाऱ्याला ते पहिल्या हिशोबातच दिसते.

सेलची निवडही याच मापाने करायची. अल्कलाइन सेल या कामाचे नाहीत. पेन्सिल सेलच्या आकारातल्या ताज्या अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध ०.१५ ते ०.३ ओहम असतो. असे सहा सेल एका ओळीत लावून ४ अँपियर मागितले, तर नऊपैकी साडेतीन व्होल्टहून अधिक सेलमध्येच उष्णता होऊन जातात. निकेल-मेटल-हायड्राइड सेलचा रोध याच्या कित्येक पटींनी कमी असतो आणि त्याचे व्होल्टेज बराच काळ सपाट राहते. सहा सेलचे ७.२ व्होल्ट आणि ६ व्होल्टचा हॅलोजन बल्ब ही जोडी लोकप्रिय झाली ती याच गुणामुळे. लिथियम-आयन सेल लहान जागेत जास्त ऊर्जा देतात, पण त्यांचे व्होल्टेज उतरत जाते. भाराखाली ३.९ वरून ३.३ व्होल्टवर येईपर्यंत तापत्या बल्बाचा उजेड जवळजवळ निम्मा होतो, कारण साडेतिनावा घात इथेही सुटत नाही. लोह-फॉस्फेटचे सेल, विशेषतः ए१२३ कंपनीचे २६ मिलिमीटर जाडीचे, ३.३ व्होल्टला सपाट चालतात आणि दहा अँपियर सहज देतात. १०० वॅटच्या बल्बांना ते फार मानवले. साध्या कोबाल्ट-प्रकारच्या लिथियम सेलकडून मात्र १५ व्होल्टला साडेनऊ अँपियर मागणे धोक्याचे आहे. २.२ अँपियर-तासांच्या सेलला ते त्याच्या क्षमतेच्या चौपटीहून अधिक होते. अशा सेलवर किती मिनिटे मिळतील हा नंतरचा प्रश्न. सेल तेवढा प्रवाह न तापता, न फुगता देऊ शकतो का, हा आधीचा.

बल्बाची कसोटी स्विच दाबण्याच्या क्षणी लागते. टंगस्टनची रोधकता खोलीच्या तापमानापासून ३००० केल्व्हिनपर्यंत सुमारे सोळा पट वाढते. १२ व्होल्ट, १०० वॅटच्या बल्बाचा पेटलेला असतानाचा रोध १.४४ ओहम असतो. थंड असताना तो ओहमचा दहावा हिस्साही नसतो. पहिल्या काही मिलिसेकंदांत प्रवाहावर अंकुश असतो तो फक्त सेल, स्प्रिंग आणि स्विच यांचा. जुन्या, गंजक्या, सैल विजेरीत हा अंकुश आपोआप होता. उत्तम सेल आणि घासलेली स्प्रिंग आली की तो सुटतो, आणि बल्ब पेटल्या क्षणी उडतो. चार्जरवरून नुकत्याच उतरवलेल्या सेलवर हे सर्वाधिक घडते, कारण तेव्हा त्यांचे व्होल्टेज शिखरावर असते. उपाय साधे आहेत. भरलेले सेल थोडा वेळ निवू द्यावेत. बल्बाच्या ओळीत असा रोधक बसवावा की जो थंड असताना अडवतो आणि तापला की वाट देतो. किंवा तारेला हळूहळू तापवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवावे. पण कोणता उपाय लागेल हे बल्ब ठरवतो. छापील व्होल्टेजच्या जवळ चालणारा, तापायला जागा असलेला बल्ब हा धक्का झेलतो. काठावर चालणारा झेलत नाही. शिवाय कमी व्होल्टच्या बल्बाची तार आखूड आणि जाड असते. एकाच वॅटचे दोन बल्ब घेतले, एक ६ व्होल्टचा आणि एक २४ व्होल्टचा, तर ६ व्होल्टच्या जाड तारेचे बाष्पीभवनाने होणारे नुकसान तिच्या जाडीच्या मानाने कमी असते आणि ती तेवढ्याच आयुष्यात अधिक तापमान सोसते. विजेरीसाठी ६ ते १२ व्होल्टचे बल्ब सरस ठरतात यामागे सेलची सोय जितकी आहे तितकाच तारेचा हा गुणही आहे.

झोत किती लांब जातो हा तर या युक्तिवादाचा सर्वांत भक्कम पुरावा. परावर्तकासमोर उभे राहून पाहिले तर त्याचे सगळे तोंड तारेइतक्याच प्रखरतेने उजळलेले दिसते. म्हणून झोताच्या मध्यभागाची तीव्रता दोनच गोष्टींवर अवलंबून असते: तारेच्या पृष्ठभागाची प्रखरता आणि परावर्तकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ. तार दुप्पट लांब केली, वॅट दुप्पट केले, पण तापमान तेच ठेवले, तर उजेड दुप्पट होतो. मात्र तो झोताच्या मध्याला रुंद करतो, दूरवर पोचवत नाही. त्याउलट ३००० केल्व्हिनवरून ३४०० केल्व्हिनवर गेले की टंगस्टनच्या पृष्ठभागाची प्रखरता अडीच पटींहून अधिक होते आणि झोताचा मध्यही तितकाच प्रखर होतो. म्हणजे नीट तापवलेला २० वॅटचा बल्ब, त्याच परावर्तकात, थंड चालणाऱ्या १०० वॅटच्या बल्बापेक्षा लांबचे झाड अधिक ठळक दाखवू शकतो. १०० वॅटचा बल्ब सगळे आवार उजळेल, आणि त्यासाठीच तो हवा असेल तर जरूर घ्यावा. पण लांब पल्ल्यासाठी तो घेणे हा गैरसमज आहे. तारेचा आकार आणि बसण्याची दिशा इथे महत्त्वाची. परावर्तकाच्या आसाला समांतर बसवलेली आखूड, घट्ट गुंडाळीची तार गोल, स्वच्छ झोत देते. आडवी तार झोताचा मध्य लांबट करते, आणि तो खडबडीत पृष्ठाच्या परावर्तकाने थोडा सारवून घ्यावा लागतो. तारेचा मध्य पिनांपासून किती उंचीवर आहे हेही पाहावे, नाहीतर उत्तम बल्ब नाभीवर येतच नाही.

तापमान वाढवायचे तर तारेभोवतीच्या सगळ्या गोष्टींनी ते सोसले पाहिजे. हॅलोजन चक्र चालण्यासाठी बल्बाची भिंत अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर हवी. म्हणून तिला क्वार्ट्झ लागते आणि म्हणूनच ती लहान असते. त्या क्वार्ट्झला बोट लावले तर घामातले क्षार तापल्यावर तिच्यात बसतात, काच दुधाळ होते आणि तडकते. बल्ब स्वच्छ कागदात धरूनच बसवावा. पण सर्वांत दुर्लक्षित जागा आहे पिना जिथे क्वार्ट्झमध्ये शिरतात ती. तिथे मॉलिब्डेनमची पातळ पट्टी असते, आणि ३५० अंशांच्या वर ती हवेत गंजू लागते. तार शाबूत असताना बल्ब मरतो तो तिथून. नळीच्या बंद तोंडात, हवा खेळत नसताना, १०० वॅटचा बल्ब सलग चालवला तर ही मर्यादा दूर नसते. म्हणून मोठ्या बल्बांची विजेरी थांबून थांबून, काही मिनिटांच्या टप्प्यांनी वापरायची असते. मॅगलाइटचा मूळ प्लॅस्टिकचा परावर्तक आणि प्लॅस्टिकची पुढची काच अशा बल्बासमोर टिकत नाहीत. अॅल्युमिनियमचा परावर्तक, बोरोसिलिकेट काच आणि चिनी मातीचा होल्डर हा किमान सरंजाम. तो बसवायचा नसेल तर २० वॅटच्या पुढे जाऊ नये.

या मांडणीवर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, बनवणाऱ्याने व्होल्टेज छापले आहे ते विचारपूर्वक. ते ओलांडणे म्हणजे वस्तूचा गैरवापर. याला उत्तर वापराच्या तासांत आहे. सूक्ष्मदर्शकाचा बल्ब प्रयोगशाळेत रोज आठ तास पेटतो. त्याला शेकडो तास हवेतच. विजेरी एका वेळी काही मिनिटे पेटते. तिला दहा तासांचे आयुष्यही महिनोन्‌महिने पुरते. शंभर तासांसाठी ठरवलेले तापमान दहा तासांच्या कामाला लावणे म्हणजे जास्तीचे आयुष्य उजेडात बदलून घेणे, आणि विजेरीचे कारखाने पीआर-२ पासून हेच करत आले आहेत. गैरवापर होतो तो हिशोब न करता केला तर. दुसरा आक्षेप असा की, व्होल्टेज स्थिर ठेवणारे सर्किट बसवले की बॅटरीचा आणि रोधाचा सगळा विचार फिजूल ठरतो. असे सर्किट खरोखर चांगले आहे. ते उजेड सपाट ठेवते आणि तारेला हळू तापवते. पण त्या सर्किटला किती व्होल्टवर लावायचे हे ठरवावेच लागते, आणि तो आकडा येतो तारेच्या तापमानातूनच. शिवाय वेगाने चालू-बंद करून सरासरी साधणाऱ्या सर्किटमध्ये उष्णतेच्या दृष्टीने खरे मूल्य पकडावे लागते. नुसत्या सरासरी आकड्यावर विसंबले तर तार समजुतीपेक्षा जास्त तापते. सर्किट निवडीची अंमलबजावणी करते, निवड करत नाही.

सर्वांत मोठा आक्षेप एलईडीचा. क्री कंपनीने २००६ साली आणलेली एक्सआर-ई ही चिप आणि २०१० च्या अखेरीस आलेली, दहा वॅटला हजार ल्युमेन देणारी एक्सएम-एल, यांनी तापत्या तारेची दर वॅटची कामगिरी मागे टाकली. आजच्या एलईडीच्या पृष्ठभागाची प्रखरताही टंगस्टनच्या कमाल प्रखरतेहून बरीच जास्त आहे. म्हणजे झोताच्या लांबीतही तार हरली. हे मान्य केलेच पाहिजे. रानात जाणाऱ्याला, पहारेकऱ्याला, बचावपथकाला आज तापत्या बल्बाची विजेरी सुचवणे चूक ठरेल. तरीही दोन गोष्टी उरतात. तारेचा प्रकाश अखंड वर्णपटाचा असतो. रंगांची खरी ओळख पटवण्यात त्याची गुणवत्ता हे मोजमापाचेच प्रमाण आहे. उत्तम एलईडी आज त्याच्या जवळ येतात, पण सर्रास मिळणारे नाही. दुसरे म्हणजे तार आपली बरीचशी उष्णता प्रकाशाबरोबर पुढे फेकते, तर एलईडीची उष्णता धातूच्या अंगातून वाहून न्यावी लागते आणि चिप तापली की उजेड घटवावा लागतो. काही मिनिटांच्या दांडग्या उजेडासाठी तारेची ही सवय सोयीची ठरते. तिच्यातून धोकाही येतो: १०० वॅटच्या झोतासमोर काळा कागद धरला तर धूर निघतो, आणि चुकून पिशवीत पेटलेली अशी विजेरी आग लावू शकते. लहान मुलांच्या हाती ती देऊ नये, आणि तिच्या स्विचला कुलूप असावे.

मग निवडीचा क्रम काय असावा? आधी ठरवा की झोत लांब हवा की रुंद. लांब हवा असेल तर तापमान, रुंद हवा असेल तर तारेची लांबी वाढवायची. मग सेल असे घ्या की जे लागणारा प्रवाह निर्धोक देतील. मग भाराखाली, बल्बाच्या पिनांवर, प्रत्यक्ष किती व्होल्ट येतील ते मोजा. अंदाज करू नका. त्या व्होल्टेजला छापील व्होल्टेजने भागा. भागाकार १.१ च्या आत असेल तर पन्नास-शंभर तासांचा बल्ब चालेल. तो १.२ च्या आसपास असेल तर निदान शे-दोनशे तासांचा आणि हळू तापवण्याची सोय असलेला हवा. त्याच्या पुढे हजार-दोन हजार तासांच्या बल्बांखेरीज कशालाही हात घालू नका. वॅटचा आकडा या सगळ्यानंतर पाहा. परावर्तक, काच आणि होल्डर त्याला सोसतात का एवढेच त्यावरून ठरवायचे. शेवटी एक व्यावहारिक सूचना. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२३ पासून जी-४ आणि जीवाय-६.३५ पिनांचे साधे हॅलोजन बल्ब बाजारात आणणे बंद केले आहे. विशेष उपकरणांचे बल्ब अजून मिळतात, पण त्यांचेही दिवस मोजके आहेत. म्हणून निवडलेल्या बल्बाचे दोन-चार जादा नग आधीच घेऊन ठेवावेत, आणि त्यातला एक मुद्दाम, मोजत मोजत, उडेपर्यंत चढवून पाहावा. आपल्या विजेरीतली तार कुठल्या व्होल्टेजला हार मानते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच उरलेले बल्ब त्या काठाच्या किती अलीकडे चालवायचे हे खात्रीने ठरवता येते. आणि एवढी खात्री हाती आली की बल्बाची निवड नशिबावर सोडावी लागत नाही.